‘पास आउट’ म्हणजे पदवीधर होणे की बेशुद्ध पडणे?

परदेशी कंपनीच्या अर्जात ‘आय पास्ड आउट इन २०१९’ असे लिहावे का, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते मुळीच लिहू नये. लातूर, नांदेड, परभणीकडे ‘तो यंदा पासआउट झाला’ असे आपण सर्रास म्हणतो आणि ते इथे कोणाला खटकत नाही. परंतु ब्रिटन-अमेरिकेतील वाचकाला त्यातून आधी जाणवतो तो भोवळ येऊन शुद्ध हरपण्याचा अर्थ. वैशाखाच्या उन्हात रांगेत उभ्या असलेल्या एखाद्याला घेरी येऊन तो कोसळला, तर ‘ही पास्ड आउट’ हे अगदी अचूक इंग्रजी ठरेल.

तरीही आपला वापर निराधार नाही. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला हाच शब्दप्रयोग आहे, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील ‘पासिंग आउट परेड’ त्याच अर्थाची आहे. पदवीसाठी मात्र ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१९’ लिहावे. केवळ परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे सांगायचे असेल, तर ‘आउट’ वगळून ‘आय पास्ड द एक्झाम’ पुरेसे आहे. पुढे कागद किंवा पत्रके असे कर्म आले, तर ‘पास आउट’चा अर्थ ‘वाटणे’ असा होतो.