उंदराची भीती कमी झाली, मग माझ्या मुलाची होईल का?

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगला आहे, परीक्षा जवळ आली की हातपाय थरथरतात, रात्र रात्र झोपत नाही. परवा म्हणाला, सायलोसायबिन नावाच्या मशरूममधल्या औषधाच्या एका डोसने उंदरांची एन्झायटी कमी झालीय, आणि आपल्या कासकडे पावसाळ्यात एवढी अळंबी उगवते त्यातही असेलच की. मला काळजी वाटतेय. यात काही खरं आहे का? — एक आई, सातारा

उत्तर : ताई, मुलगा हे तुमच्याजवळ बोलला हे फार बरं झालं, त्याला रागवू नका. आणि तो वाचून आलाय त्या थापा नाहीत, फक्त उंदराची भीती मोजतात कशी ते आधी बघा. अधिकच्या चिन्हासारखी फळी असते, जमिनीपासून अर्धा-एक मीटर उंच, दोन हातांना भिंती आणि दोन हात उघडे. उंदराला मुळात उघड्यावर जायची धास्ती, म्हणून साधारण पाच मिनिटांत तो उघड्या हातावर किती वेळ थांबला ते मोजायचं, जास्त थांबला तर भीती कमी असं धरायचं, कारण उंदराला विचारता तर येत नाही ना. आता सायलोसायबिनसारखी औषधं उंदराची चालच बदलतात, कधी तो जागचा हलत नाही, त्यामुळे हा आकडा एकटा घेऊन चालत नाही.

आणि वेळेचा मुद्दा तर रील्समध्ये कुणी सांगतच नाही. काही प्रयोगांत डोसनंतर लगेच बघितलं तर उंदीर उलट जास्त बिचकलेला दिसतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी बघितलं तर तोच मोकळा फिरतो.

मेंदूचं काम मात्र खरंच भारी आहे. ही औषधं सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या २ए रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन पेशीवर जिथे चिकटतं त्या जागेवर बसतात, उंदीर डोकं झटकायला लागतो, त्यावरूनच औषध लागू पडलं हे कळतं. २०२१ मध्ये येल विद्यापीठात सायलोसायबिनचा एकच डोस देऊन जिवंत उंदरांचा मेंदू मायक्रोस्कोपखाली बघितला, तर पुढच्या भागातल्या पेशींवरचे बारीक काटे, म्हणजे जिथे दुसऱ्या पेशीशी जोडणी होते ती जागा, साधारण १० टक्क्यांनी वाढले आणि त्यातले काही महिनाभर टिकले. गंमत म्हणजे तो रिसेप्टर दुसऱ्या औषधाने अडवला तर डोकं झटकणं थांबलं पण काटे वाढतच राहिले, म्हणून वाटलं की या औषधाने माणसाला होणारे भास (उंदराचं डोकं झटकणं ही त्याचीच खूण धरतात) नको असतील तर फक्त फायदा घेता येईल. पण २०२५ मध्ये त्याच गटाच्या पुढच्या कामात निघालं की टिकाऊ परिणामाला तो रिसेप्टर लागतोच. म्हणजे प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि म्हणूनच मला हे संशोधन मनापासून आवडतं.

माणसांवर २०१६ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये ५१ कॅन्सर पेशंटना हे औषध दिलं, त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं, पण ते निवडून घेतलेले लोक, आधी समुपदेशन, डोसच्या वेळी शेजारी प्रशिक्षित माणसं. घरात कुणाला सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार असेल तर अशा अभ्यासात घेतच नाहीत. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने सायलोसायबिनवर बंदी आहे हेही त्याला सांगा.

परीक्षेच्या एन्झायटीवर आज हाताशी असलेले उपचार चांगले आहेत, सीबीटी म्हणतात ती समुपदेशनाची पद्धत आणि गरज पडली तर डॉक्टरने दिलेल्या गोळ्या. साताऱ्यात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि लगेच बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, फोन फुकट, मराठीतही बोलतात.

आता अळंबी. रानातली अळंबी नुसत्या फोटोवरून ओळखून खाणं अजिबात नको, जुन्या जाणत्यांचीही चूक होते. काही जाती अशा विषारी की सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग माणसाला बरं वाटायला लागतं, आणि तेव्हाच आत लिव्हर निकामी होत असतं. त्यामुळे कुणी खाल्लीच असेल तर उलट्या थांबल्या म्हणून घरी बसू नका, उरलेली अळंबी पिशवीत घेऊन थेट सिव्हिल गाठा.