आईला फलक धरायला सांगण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आई तुझ्या जोडीदाराला जेवायला बोलावते, त्याला आवडतात म्हणून भरली वांगी करते, आणि दाराची बेल वाजली की तोच मुलगा 'ह्याचा रूममेट' होतो. प्राइडला, म्हणजे समलिंगी लोकांच्या अभिमान मोर्चाला, चल म्हणालास तर ती काही न बोलता आत निघून गेली. 'चारचौघांत ज्याचं नाव घ्यायची लाज वाटते, त्याला घरात वाढून काय उपयोग?' असं तू लिहिलंयस. तुझा राग मला कळतो. माझ्या मुलानेही मला हेच विचारलं होतं, फक्त त्याला विचारायला सहा वर्षं लागली.

तू त्या जीन मॅनफर्डचा, समलिंगी मुलासाठी मोर्चात फलक धरून चाललेल्या अमेरिकन आईचा, फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'हिला जमलं, माझ्या आईला का नाही?' त्या बाईची गोष्ट मला फार जवळची आहे. पण ती फोटोत सुरू होत नाही, म्हणून आधी तीच सांगते.

जीन न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहायची. प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा ज्यूल्स दातांचा डॉक्टर. स्वभावाने अबोल, सभा-मोर्चे तिच्या वाटेला कधी आलेच नव्हते. थोरला मुलगा १९६६ मध्ये वारला होता. धाकटा मॉर्टी हा समलिंगी हक्कांच्या चळवळीतला कार्यकर्ता. एप्रिल १९७२ मध्ये तो आणि त्याचे सहकारी एका बड्या हॉटेलात पत्रकार आणि राजकारण्यांच्या मेजवानीत पत्रकं वाटायला गेले आणि तिथे त्यांना बेदम मारलं. पोलीस उभे राहून बघत होते. मॉर्टीला इस्पितळात न्यावं लागलं.

जीनने काय केलं? पत्र लिहिलं. 'न्यूयॉर्क पोस्ट'ने ते २९ एप्रिलला छापलं. पोलिसांनी काही केलं नाही ही तक्रार त्यात होतीच, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच वाक्य: माझा मुलगा समलिंगी आहे आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे. खाली तिचं खरं नाव होतं. तिच्या शाळेतली मुलं, त्यांचे पालक, तिच्या नवऱ्याचे पेशंट, कुणीही ते वाचू शकत होतं.

हे वाक्य आज साधं वाटतं, पण ते दिवस बघ. न्यूयॉर्क राज्यात समलिंगी संबंध तेव्हा गुन्हा होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत समलैंगिकता आजार म्हणून नोंदलेली होती; १९७३च्या डिसेंबरात ती काढायचं ठरलं. शिवाय त्या काळच्या अनेक तज्ज्ञांचं म्हणणं असं की मुलगा असा निघाला तर दोष घरातला. आईने फार जवळ ओढलं, बाप लांब राहिला, म्हणून हे झालं. म्हणजे अशा मुलाच्या आईने चारचौघांत उभं राहणं म्हणजे आपणहून आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभं राहणं होतं.

इथे जरा थांब आणि तुझ्या आईकडे बघ. आपल्याकडे त्या तज्ज्ञांची नावं कुणी ऐकलेली नाहीत, पण 'संस्कारांत कुठेतरी कमी पडले' हे वाक्य प्रत्येक आईला पाठ असतं. मी ते रात्र रात्र म्हटलंय. त्याला बोर्डिंगात ठेवला म्हणून का? त्याचे बाबा सतत फिरतीवर म्हणून का? नातेवाईक काय म्हणतील याची भीती असतेच, पण त्याखाली दुसरी भीती असते: ते म्हणतील ते खरंच असलं तर? तुझी आई आतल्या खोलीत गेली ती तुझ्या लाजेने गेली असं तू धरून चाललायस. मला वाटतं, ती स्वतःच्या लाजेने गेली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांच्याशी वागायची रीतही वेगळी आहे.

आता फोटोकडे येऊ. पत्र छापून आल्यावर मॉर्टीने आईला जूनच्या मोर्चाला बोलावलं. ती म्हणाली, येईन, पण हातात फलक असेल तरच. नुसती चालले तर मी कुणाची आई आहे हे लोकांना कसं कळणार? २५ जून १९७२. फलकावर लिहिलं होतं: समलिंगी मुलांच्या पालकांनो, आपल्या मुलांच्या पाठिंब्यासाठी एक व्हा. लोक टाळ्या वाजवायला लागले, ओरडायला लागले, तर जीनला वाटलं हे मागून चालणाऱ्या डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांच्यासाठी आहे. मुलं कशी वाढवावीत हे अमेरिकेतल्या घराघरांत ज्यांना विचारून ठरायचं, ते हे डॉक्टर. पण पोरं धावत येत होती ती तिच्याकडे. कुणी मिठी मारली, कुणी रडलं, आणि कितीतरी जणांनी तिला एकच विनंती केली: माझ्या आईवडिलांशी बोलाल का?

आई तर होतीच ती, पण त्या दिवशी ती दुसऱ्यांच्या पोरांच्या कामी आली. ही दोन कामं वेगळी आहेत, बाळा. पहिलं तुझी आई करतेय, वांगी करून. दुसरं तिच्याकडे मागायचा हक्क तुला आहे का, याचा विचार मी बरीच वर्षं करतेय. विनंती करता येते. हट्ट करता येत नाही असं माझं मत झालंय.

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटलीय. मॉर्टी आधीपासून उघड होता. आईने नाव छापलं तेव्हा त्याच्याबद्दल नवं काहीच फुटलं नाही. तुझं तसं आहे का? ऑफिसात तुझ्या साहेबांना माहीत आहे? गावाकडे काकांना? आई मोर्चात चालली आणि कुणी फोटो काढला, तर ती तुझंही बोलून बसेल, परत घेता न येणारं. तेव्हा आधी तू बसून ठरव, कुणाकुणाला कळलेलं तुला चालेल. ते तिला सांग. कदाचित ती इतकी वर्षं तुझंच गुपित राखतेय आणि तुला ते लपवणं वाटतंय. आणि काहीही झालं तरी तिला विचारल्याशिवाय तिचा फोटो कुठेही टाकू नकोस.

मग सुरुवात कुठून करायची? खोटं बोलणं थांबवण्यापासून. खरं बोलणं त्याच्या पुढचं. 'मुलगा कधी उजवताय?' असं विचारलं की मी म्हणायचे, 'करिअरकडे लक्ष देतोय.' माझ्या मुलाने मला एवढंच सांगितलं, आई, तू काही जाहीर करू नकोस, फक्त हे वाक्य सोड. मी सोडलं. 'त्याला लग्नाचं बघायचं नाहीये' एवढंच म्हणू लागले. वर्षभर तेवढंच. मग एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई स्थळ घेऊनच आली, पत्रिकेसकट, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'त्याचा जोडीदार आहे. मुलगा आहे. चांगला आहे.' ठरवून काही नव्हतं. तिळगूळ हातात तसाच राहिला सगळ्यांच्या. दोघी-तिघी लवकर उठल्या, आणि त्यातली एक अजून माझ्याशी बोलत नाही. चार दिवसांनी रात्री नऊच्या सुमाराला खालच्या मजल्यावरची बाई रिकामा डबा परत द्यायला आली. डबा माझा नव्हताच. ती दारात उभी राहिली, पदराशी चाळा करत, आणि म्हणाली, 'माझ्या मुलीचं तुमच्या मुलासारखंच आहे वाटतं.'

माझ्या घरी रविवारी जे चार पालक बसतात, ते तेव्हापासून. जीनचंही असंच वाढत गेलं. मोर्चानंतर तिचा फोन वाजत राहिला. १९७३च्या मार्चमध्ये ग्रेनिच व्हिलेजमधल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये पहिली बैठक झाली, सुमारे वीस जण आले. त्यातून पुढे देशभर पसरलेली पालकांची संघटना उभी राहिली.

आपल्याकडेही आईबापांनी हे केलंय. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या खटल्यात १९ पालक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१३ मध्ये निकाल विरोधात गेला, २०१८ मध्ये बाजूने लागला. २०१५ मध्ये मुंबईत पद्मा अय्यर यांनी आपल्या मुलासाठी, हरीश अय्यर यांच्यासाठी, वर हवा अशी जाहिरात 'मिड-डे'त दिली. त्यात 'जातीची अट नाही' असं म्हणून पुढे 'अय्यर असल्यास प्राधान्य' असंही होतं. ते मला तेव्हा खटकलं आणि आजही खटकतं. पण एका आईने इतर आयांसारखंच, त्याच भाषेत, मुलाचं स्थळ शोधलं, हे बघून मी तो अंक जपून ठेवला. मुंबईतच २०१७ मध्ये 'स्वीकार' हा पालकांचा गट सुरू झाला, आणि २०२३ मध्ये चारशेहून जास्त पालकांनी मुलांच्या विवाहहक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या ऑक्टोबरात निकाल हवा तसा आला नाही. आई बोलली की जग बदलेल, असं ओझं तुझ्या आईवर टाकू नकोस.

जीनचंही पुढचं सोपं नव्हतं. ज्यूल्स १९८२ मध्ये गेला. मॉर्टी वकील झाला आणि १९९२ मध्ये एड्सने गेला, एक्केचाळीस वर्षांचा. दुसरा मुलगाही गेला. पुढच्याच वर्षी क्वीन्समध्ये पहिला प्राइड मोर्चा निघाला, तेव्हा ती पुढे होती. तो फोटो मिळाला तर तोही बघ.

बाबांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही. ज्यूल्स सगळ्यात बायकोबरोबर होता, हे लोक विसरतात.

आईला प्राइडचं आता विचारू नकोस. तिला माझा नंबर दे, आणि फोन केलाच पाहिजे असं म्हणू नकोस. दुपारी दोन ते चार मी घरी एकटीच असते. भरल्या वांग्यांचा मसाला ती कसा करते ते मला विचारायचंय, एवढंच सांग.

तुझी,
मावशी