वाड्याचा फोटो आणि मालकाचा आक्षेप

भावा, गंगावेशीत रस्त्यावरून जुन्या वाड्याचं दार टिपताना मालकानं हटकलं आणि तू घाबरून सगळे फोटो पुसलेस, याचं फार वाईट वाटलं. सार्वजनिक रस्त्यावरून सहज दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला साधारणपणे मनाई नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ तर इमारतीचा किंवा चौकातल्या कायमस्वरूपी पुतळ्याचा फोटो काढणं आणि छापणं हा भंग नाही, असं स्पष्ट म्हणतं. कॅमेरा हिसकावून घ्यायचा हक्क मालकाला नाही.

उंबरा ओलांडलास की मात्र मालकाचा शब्द चालतो. 'बाहेर व्हा' म्हटलं की निघायचं, हुज्जत नको. तक्रार झाली तर निस्तरणं अवघड. लष्करी आणि प्रतिबंधित जागांपासून लांबच राहा.

खिडकीतून घरातली माणसं लांब लेन्सनं टिपणं तर मला अजिबात पटत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय. बाईचे खासगी क्षण चोरून टिपणं तर सरळ गुन्हा.

मी आधी कट्ट्यावरच्या आजोबांशी दोन शब्द बोलतो. बऱ्याचदा तेच म्हणतात, "आत येऊन काढा की!"