स्की येत नाही, तरी टिंबरलाइनला राहावं का?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत पोर्टलंडला असतो. डिसेंबरात जवळच्या माउंट हूड डोंगरावरच्या टिंबरलाइन लॉजमध्ये एक रात्र राहायचं म्हणतोय. आम्हा दोघांनाही स्की येत नाही, ह्यांचे गुडघेही दुखतात. पैसे वाया जातील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, बिनधास्त जा! स्कीवाले दिवसभर उतारावर असतात, लॉज खरा बघतो तो आत बसणारा. महामंदीत बेकारांना काम मिळावं म्हणून सरकारने तो बांधून घेतला. 1937 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट स्वतः उद्घाटनाला आले होते. जिन्याचा कठडा हाताने चाचपून बघा. टोकाला कोरलेले प्राणी आहेत ना, ते विजेच्या जुन्या खांबांतून घडवलेत. शेकोटीतले लाकडं ठेवायचे लोखंडी घोडे रेल्वेच्या रुळांचे. जुन्यातून नवं काढण्याची ही हौस आपल्या गोधडीवाल्या आज्यांना नक्की पटली असती.

खोली घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. सगळ्यात स्वस्त खोल्यांत एकावर एक पलंग असतात आणि बाथरूम बाहेर, सामायिक. गुडघ्यांचं सांगून आधीच योग्य खोली मागा. उंची सुमारे 6,000 फूट, म्हणजे गुलमर्गपेक्षा बरीच कमी. त्याची धास्ती नको.

गाडी मुलालाच चालवू द्या, टायरच्या साखळ्या डिकीत हव्यातच. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे पार्किंगला ‘स्नो-पार्क’ परवाना लागतो, तो खालूनच घ्या.