आजोबांची १९७८ ची पद्मिनी: आधी पत्रा, मग ब्रेक, इंजिन नंतर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी ११ वर्षं सांगलीच्या घरी शेडमध्ये उभी आहे. ती घरीच खोलून स्विफ्टचं इंजिन, अलॉय व्हील्स आणि नवा रंग असा बेत आहे. गाडी भंगारात गेली नाही हे वाचून फार बरं वाटलं. मी माझी पद्मिनी अंगणात शनिवार-रविवार करत तीन वर्षांत रस्त्यावर आणली, म्हणून कळकळीनं सांगतो, इंजिनाचा विषय तूर्त बाजूला ठेवा. ही गाडी इंजिनानं मरत नाही, पत्र्यानं मरते.

इंजिन १०८९ सीसीचं आणि अगदी साधं. बोअर करून, नव्या रिंगा टाकून ते पुन्हा उभं राहतं. तुमच्या जवळ कोल्हापूरचं उद्यमनगर आहे, लेथच्या कामाला आणखी लांब जायची गरज नाही. पण पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा आणि दाराखालून पुढून मागे जाणारी पोकळ पट्टी हाच तिचा सांगाडा. तो सडला तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी गाडी मधोमध खचते.

माझ्या गाडीचा तळ वरून धडधाकट दिसत होता. चटई काढली, डांबरी थर खरवडला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली मोठ्या स्क्रू ड्रायव्हरनं ठोकत गेलो. चांगला पत्रा टणटण वाजतो. एका जागी आवाज बसका आला, जरा दाबलं तर टोक आरपार गेलं आणि ओंजळभर तांबडा भुगा खाली पडला. आधीच्या कुणीतरी भोकावर वर्तमानपत्राची घडी चिकटवून वरून लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, फासली होती. त्या लांबीत पाणी मुरत राहिलं आणि आजूबाजूचा चांगला पत्राही गेला. म्हणून लांबीनं झाकू नका. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि नवा तुकडा सीओटू वेल्डिंगनं जोडा. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेनं पातळ पत्रा वाकतो.

कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे लोखंडी अँगल टॅक करून, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडून घ्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा. माझ्या डेंटरनं ही पायरी गाळली. वेल्डिंग झाल्यावर मागचं दार लागेना, कारण बॉडी खाली बसली होती. सगळे जोड पुन्हा कापावे लागले, दोन महिने गेले. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरू नका, घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, लावा. घरी काम करताना आपल्याला थांबवणारं कुणी नसतं, म्हणून हे दोनदा सांगावंसं वाटतं.

मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि जुन्या पद्मिनीत हायड्रॉलिकचं सर्किट एकच. म्हणजे एक पाइप फुटला की पेडल थेट तळाला. ११ वर्षांत रबरं कडक झाली असणार. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, होज, ऑइल सगळं नवं घाला, इथे काटकसर नको.

इंजिनाला लगेच सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळूच ढकला. इंजिन मोकळं फिरलं तरच पुढे जा. जुनं पेट्रोल पूर्ण काढा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. सगळे पाइप इथेनॉल चालणारे घ्या, आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम बदलाच. तो फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का, हे सुरुवातीला दर आठवड्याला बघा.

आता स्विफ्टचं इंजिन. मी ते करणार नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि आरटीओची परवानगी हा भाग आहेच, पण तुमच्याकडे त्याहून मोठं कारण आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल, म्हणजे चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसतील, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते आणि ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. तुमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही, त्यामुळे तसा नंबर घ्यायचा की नाही हे तेव्हा ठरवा. पण आज इंजिन बदललंत तर तो रस्ताच बंद होतो. आरसीची मुदतही आत्ताच तपासा, १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण राहून गेलेलं असू शकतं.

बदल करायचेच तर उलटवता येतील असे करा. बॅटरी चार्ज करायला जुना डायनॅमो असेल तर अल्टरनेटर, ठिणगीसाठीच्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रिले लावून हेडलाइट, रेडियल टायर, सीट बेल्ट. एवढ्यानं गाडी आजच्या रहदारीत निर्धास्त चालते, आणि काढलेले मूळ भाग डब्यात चिठ्ठी लावून ठेवता येतात. स्टिअरिंगवरचा गिअर मात्र काढू नका. आजोबांचा हात रोज त्याच दांड्यावर होता. बुश बदलले की तो पुन्हा लोण्यासारखा पडतो.

रंग सगळ्यात शेवटी. येत्या रविवारी उजेडात चटया उचला, चारही कोपरे ठोकून बघा, आणि कुठे बसका आवाज आला ते सांगा. कुठला पत्रा कापायचा ते त्यावरून ठरवू.