बर्फावर जाण्याआधी

प्रश्न : ताई, फेब्रुवारीत आम्ही दोघी बहिणी गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला जायचं म्हणतोय. बर्फ कधी पाहिलेला नाही. तयारी काय करू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : अगं, जरूर जा! आपलं बेळगाव साधारण 750 मीटरवर, गुलमर्ग 2650 वर; म्हणून उंचीची सवय व्हायला पहिला दिवस नुसता फिरण्यात घालवा. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे दोरावरून वर नेणाऱ्या पाळण्यांचा, वरचा टप्पा 3900 मीटरच्या पुढे जातो, तिथं शिकाऊंचं काम नाही. खालच्या उतारावरच शिका. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, त्यामुळे पडताना हात आपोआप पुढे जातो. माझं मनगट असंच सुजलं, परतल्यावर महिनाभर भाकरी थापता आली नाही. मनगटाचे गार्ड घ्याच. बूट, बोर्ड तिथं भाड्यानं मिळतात. सुती मोजे मात्र नकोत, ओले झाले की पाय बधिर होतात, लोकरीचे न्या.