पहिला गधेगळ सापडला? मग आधी एवढंच

छान सापडलाय! वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि स्त्री, म्हणजे गधेगळच, जुन्या काळी दिलेल्या दानाची खूण म्हणून उभा केलेला दगड. दान मोडणाऱ्याला दगडात कोरलेली ही शिवी, आणि चंद्र-सूर्य असेतो दान चालावं ही इच्छा. खाली धन पुरलंय ही गावची गोष्ट जरूर लिहून घ्या, पण खणू नका, कुणाला खणूही देऊ नका.

नवखे हमखास इथे चुकतात:

- अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल चोळतात. अजिबात नको! सकाळी लवकर जा; तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.
- वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, वरून वाचतात. तो खालून वर वाचायचा: तळाला लढाई आणि मरण, मग अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर.
- शेंदूर खरवडतात. गावाचा तो देव आहे.

लिपी नंतर शिकू. सध्या फोटो, दगडाची उंची, गावाचं नाव वहीत टिपा.